पोर्तुगालची खाद्यसहल: गावं निम्मी करा, जेवणाला वेळ द्या

या महिन्याच्या टपालात पोर्तुगालचेच प्रश्न जास्त आले, आणि त्यातले बहुतेक सोलापूर शहर-जिल्ह्यातून. पत्रलेखकांची नावं न छापता फक्त पेठ किंवा गाव दिलं आहे. लांबलचक पत्रं थोडी आवरली आहेत. एक युरो म्हणजे ढोबळमानानं शंभर रुपये धरून वाचावं.

प्रश्न: आम्ही दोघं, वय 67 आणि 63. टूरवाल्यांनी 9 रात्रींचा 'फूड अँड वाइन' कार्यक्रम दिलाय. लिस्बन, सिंत्रा, एव्होरा, ओबिदुश, नाझारे, कोइंब्रा, पोर्तो आणि दोरो नदीचं खोरं. पैसे भरावेत का? गुडघे दुखतात, चढउतार झेपतील का? (निवृत्त दांपत्य, जुळे सोलापूर)

उत्तर: भरू नका. 9 रात्रींत 8 ठिकाणं म्हणजे रोज सकाळी बॅगा दाराशी, आणि जेवायच्या वेळेला तुम्ही हमरस्त्यावर. पोर्तुगालमध्ये दुपारचं जेवण हे दिवसभरातलं मोठं काम असतं. साधारण साडेबारा ते तीन स्वयंपाकघर चालू, त्यानंतर संध्याकाळी साडेसातपर्यंत बऱ्याच ठिकाणी चूल बंद. बस पावणेतीनला गावात पोचली, की दिवसाचा खास पदार्थ संपलेला असतो आणि ताटात येतो टोस्ट. 'फूड' कार्यक्रमातलं फूड तिथंच बारगळतं.

त्यापेक्षा मुक्काम निम्मे करा आणि रात्री वाढवा. 13 रात्री, सगळा प्रवास रेल्वेनं, असा आराखडा देतो.

लिस्बन 4 रात्री. पहिला दिवस रिकामाच ठेवा, झोप भरून निघू द्या. एक सकाळ बेलेंची: तिथल्या 1837 पासून चाललेल्या दुकानात पास्तेल दे नाता, म्हणजे अंड्याच्या पिवळ्या बलकाची खरपूस वाटी, गरम असतानाच दालचिनीची पूड भुरभुरून खायची. रांग दिसते ती बहुतेक वेळा बांधून नेणाऱ्यांची असते. आत बसायला भरपूर जागा आहे, थेट आत जा. एक पूर्ण दिवस सेतूबलला द्या. लिस्बनहून ताजू नदीवरच्या पुलावरून जाणारी लोकल तासाभरात पोचवते. तिथली मासळी-भाजीची मंडई सोमवारी बंद असते, म्हणून सोमवार टाळा. सेतूबलची खरी कमाई म्हणजे मोस्कातेल ही गोड वाइन. द्राक्षाचा स्पिरिट घालून आंबणं थांबवल्यावरही साली महिनोन् महिने रसातच ठेवतात, त्यामुळे संत्र्याच्या सालीसारखा वास उतरतो. जवळच्या अझेतांव गावात तिचे जुने गुदाम आहेत. स्टेशनवरून टॅक्सी करा.

एव्होरा 2 रात्री. लिस्बनहून दीड तास, पण दिवसाला गाड्या मोजक्याच, तेव्हा वेळापत्रक आधी बघा. हा अलेंतेझो प्रांत. पाव, ऑलिव्ह तेल, लसूण आणि ढीगभर कोथिंबीर हा इथल्या स्वयंपाकाचा पाया. आसोर्दा मागवलीत तर शिळ्या पावाचे तुकडे, कुटलेली लसूण-कोथिंबीर, वरून उकळतं पाणी आणि पाण्यातच शिजवलेलं अंडं असा वाडगा समोर येतो. रेल्वेतून दिसणारी बुटकी झाडं बुचाची. साल काढलेला बुंधा विटकरी दिसतो आणि त्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा असतो. साल काढल्याच्या वर्षाचा तो शेवटचा अंक. पुढची साल 9 वर्षांनी, म्हणून आकडा लिहून ठेवतात. याच भागात मातीच्या माणसाएवढ्या रांजणात वाइन आंबवण्याची रीत अजून चालू आहे. रांजण परंपरेनं 11 नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी उघडतात.

आवेरो 2 रात्री. एव्होराहून लिस्बनच्या ओरिएंते स्टेशनवर या, तिथं गाडी बदला. ओरिएंतेपासून जलद गाडीनं साधारण दोन तास. समुद्रकिनारा, मिठागरं, पट्ट्यापट्ट्यांची लाकडी घरं असलेलं कोश्ता नोव्हा, सगळं बसच्या टप्प्यात.

पोर्तो 2, पिन्याँव 2, परत पोर्तो 1. पिन्याँव हे दोरो खोऱ्याच्या पोटातलं छोटं गाव. तिथं जाताना मोठ्या बॅगा पोर्तोच्या हॉटेलात ठेवा, परत तिथंच उतरायचं आहे म्हटलं की ठेवून घेतात. पोर्तोहून गाडी अडीच तासांची. जाताना उजवीकडची खिडकी धरा, कारण रूळ नदीच्या उत्तर काठानं जातात. पहिला तास नदी दिसत नाही, नंतर मात्र पाणी अगदी खिडकीखाली येतं. मार्गावर काम चालू असलं तर काही टप्पा बसनं नेतात, आदल्या दिवशी विचारून घ्या. पोर्तोपासून दिवसभराची बोटही निघते. पण तिच्यात जेवण यथातथाच आणि सहा-सात तास एकाच खुर्चीत. आमच्या मते बोट पिन्याँवच्या धक्क्यावरून तासाभराचीच घ्यावी.

लिस्बनला उतरून पोर्तोहून परतीचं विमान पकडायचं. तिकीट काढताना 'मल्टी-सिटी' पर्याय निवडा. बाटल्या पोर्तोत, शेवटच्या दिवशी घ्याव्यात, म्हणजे त्या देशभर वाहाव्या लागत नाहीत. भारतातून थेट विमान नाही, एक बदल आलाच. पोर्तुगीज रेल्वेत 65 च्या वरच्यांना निम्मं भाडं आहे. तुमच्यापैकी एकाला मिळेल, पासपोर्ट जवळ ठेवा.

गुडघ्यांचं विचारलंत. लिस्बन आणि पोर्तो दोन्ही डोंगरउताराची शहरं, फरसबंदी गुळगुळीत छोट्या दगडांची आणि पावसात निसरडी. लिस्बनला सखल बायशा भागात, मेट्रोजवळ हॉटेल घ्या. पोर्तोत 1886 च्या लोखंडी पुलाच्या वरच्या मजल्यावरून मेट्रोनं पलीकडे गायाला, म्हणजे पोर्ट वाइनच्या गुदामांच्या गावाला, जा आणि तिथून केबल कारनं खाली उतरा. पायऱ्या जवळजवळ लागतच नाहीत.

खर्च: हॉटेल दोघांना रात्री 90 ते 130 युरो, सप्टेंबरात जास्त. जेवणखाण दोघांचं दिवसाला 60 ते 80. विमान, व्हिसा, सगळं धरून दोघांचे पाच लाखांच्या आसपास जातात. शहरांचा मुक्कामकर वेगळा: लिस्बनला माणशी रात्री 4 युरो, पोर्तोला 3.

प्रश्न: माझी नऊ एकर द्राक्षबाग आहे. तोडणी चालू असताना दोरो खोरं पाहायचंय. कोणता महिना? आणि आपल्यापेक्षा वेगळं काय बघावं? (बागायतदार, नान्नज)

उत्तर: सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा. उन्हाळा कडक गेला तर तोडणी ऑगस्टअखेरीलाच सुरू होते, थंड गेला तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रेंगाळते. अलेंतेझोत ऑगस्टच्या उत्तरार्धापासूनच. जुलै-ऑगस्टात दोरोत पारा चाळीशीला टेकतो. ते ऊन तुम्हाला घरीच फुकट मिळतं, त्यासाठी तिकडं जाऊ नका.

आता बागेचं. तुमच्याकडं वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन छाटण्या आणि एक पीक. तिकडं थंडीत पानगळ होऊन वेल खरोखर सुप्तावस्थेत जातो. छाटणी एकच, डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये फुटवे, मे-जूनमध्ये फुलोरा, जुलैअखेर मण्यांना रंग, सप्टेंबरात तोडणी. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. तुमचा माल जसा पावसाळा सरल्यावर कोरड्या हवेत पिकतो, तसा त्यांचाही कोरड्यातच पिकतो, फक्त कॅलेंडर उलटं. भुरी त्यांच्याकडंही आहे. ती 1840 च्या दशकात अमेरिकेतून युरोपात आली, आणि गंधक हाच तिथंही जुना उतारा. पाठोपाठ मुळं खाणारी फायलोक्सेरा आली आणि बागांच्या बागा बसल्या. तेव्हापासून अमेरिकन खुंटावर कलम. तुम्ही डॉगरिज लावता ते क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी, त्यांनी खुंट घेतला तो किडीसाठी.

जमीन हाताला लावून बघा. माती जवळपास नाहीच, नुसता शिस्ट, पापुद्रे सुटणारा खडक. त्याचे थर उभे फुटलेले असतात, त्या फटींतून मुळं कितीतरी मीटर खोल पाण्यापर्यंत उतरतात. ठिबक सरसकट नाही, अटींवर परवानगी आहे. उतारावर बाग बसवायच्या तीन तऱ्हा एकाच डोंगरावर दिसतील. सगळ्यात जुन्या म्हणजे बिनचुन्याच्या दगडी भिंतींच्या अरुंद पायऱ्या, जिथं ट्रॅक्टर शिरत नाही आणि सगळं काम हातानं. त्यानंतर जेसीबीनं काढलेले मातीचे रुंद टप्पे. आणि तिसरी तऱ्हा, उताराला सरळ उभ्या ओळी. प्रत्येक तऱ्हेत मजुरी किती वाढते ते तिथल्या माणसाला विचारा, तोही मन मोकळं करून बोलेल.

उत्पादनाचा हिशेब ऐकून तुम्हाला धक्का बसेल. दोरोच्या लाल वाइनला हेक्टरी 55 हेक्टोलिटरची (5,500 लिटर) कायदेशीर मर्यादा आहे, म्हणजे ढोबळ हिशेबानं एकरी तीन टन द्राक्षं. प्रत्यक्षात बऱ्याच बागा याच्याही खाली. तुम्ही टेबल द्राक्षं एकरी दहा-बारा टन घेता. जिब्रेलिक आम्ल देऊन मणी फुगवायचा नाहीच, उलट मणी जेवढा बारीक तेवढी रसाच्या मानानं साल जास्त, आणि रंग-चव सालीतच. पोर्ट या गोड वाइनसाठी प्रत्येक बागेला बारा निकषांवर गुण देऊन श्रेणी ठरते: उंची, उतार, दिशा, खडक, वेलाचं वय वगैरे. उत्पादन जास्त तर गुण कमी! या श्रेणीवरून त्या वर्षी किती रस पोर्टसाठी वळवायची परवानगी मिळेल ते ठरतं, आणि तो कोटा मिळाला तर भाव चांगला. या भागाच्या सीमा 1756 सालीच पोंबालचा मार्क्विस या पोर्तुगीज मंत्र्यानं आखल्या.

तोडणीत भाग घ्यायचा तर अनेक मळे पैसे घेऊन अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम ठेवतात: दोन तास तोडणी, जेवण, संध्याकाळी पायांनी तुडवणं. तीन-चार महिने आधी नोंदवा. तुडवणं मात्र बघाच. ग्रॅनाइटच्या उथळ हौदात गुडघ्याच्या वर द्राक्षं, त्यात माणसं खांद्याला खांदा लावून ओळीनं उभी. पहिले दोन तास गप्पा बंद, कोणी तरी ताल धरतं, ओळ एकेक पाऊल पुढं सरकते. सगळा घड फुटल्यावर ओळ मोडते, मग गाणी आणि नाच. पायच का? कारण टाच साल फोडते पण बी फोडत नाही. यंत्राचा दाब चुकला तर बी फुटून कडवट तेल रसात उतरतं.

प्रश्न: घरात लिंगायत, शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. तिकडं उपाशी राहायची वेळ येईल का? सोबत काय नेता येईल? (गृहिणी, नवी पेठ)

उत्तर: उपाशी राहणार नाही, पण गोडाच्या बाबतीत निराशा होईल. तिथल्या मिठाया मठांतून आल्या आणि जवळपास सगळ्यांत अंड्याचा बलक आहे. नाता, आवेरोचे ओवोश मोलेश, बदामाचे केक, सगळंच. त्याला इलाज नाही. फळं घ्या, किंवा मार्मेलादा, म्हणजे क्विन्स फळाची घट्ट वडी, चीजच्या कापासोबत.

चीजमध्ये मात्र नशीब तुमच्या बाजूचं. सेरा दा इश्त्रेला, अझेतांव, सेर्पा, नीझा ही मेंढीच्या दुधाची जुनी चीज वासराच्या पोटातलं रेनेट न घालता एका काटेरी रानझाडाची वाळलेली फुलं भिजवून, त्या पाण्यानं विरजतात. वेष्टनावर कार्दो शब्द शोधा. अझेतांवची छोटी चकती मिळते. खोलीच्या तापमानाला आणा, वरची साल टोपणासारखी कापा आणि आतलं मऊ चीज चमच्यानं पावावर घ्या. फ्रिजमधून काढून लगेच कापलं तर ते नुसतं रबरी लागतं. साधं कारखान्याचं काप-चीज घेताना रेनेटची चौकशी करा.

खानावळीत काय फसतं ते सांगतो. भाजीचं सूप आणि काल्दो वेर्दे (बटाटा आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पानांचं सूप) दिसायला निरुपद्रवी, पण त्यात शोरिसो म्हणजे डुकराच्या सॉसेजची चकती टाकलेली असते. नुसती चकती काढून वाढतात आणि शाकाहारी म्हणतात. भात आणि घेवड्यातही मांसाचा रस असू शकतो. अलेंतेझोतल्या मिगाशमध्ये (परतलेल्या पावाचा पदार्थ) चरबी असतेच असं धरा. बसल्याबरोबर म्हणा: 'सें कार्न, सें पैश, सें ओवुश', म्हणजे मांस नको, मासे नको, अंडी नको. नंतर विचारा, 'कोम काल्दो द कार्न?', मांसाचं पाणी घातलंय का. दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे, एकात भागत नाही.

मागवण्यासारखं: पालक घातलेले हरभरे, टोमॅटोचा भात (पाणी विचारून), ठोसा मारून फोडलेले भाजके बटाटे, भाजलेल्या ढोबळ्या मिरचीची कोशिंबीर, ऑलिव्ह, पाव. पेशिन्योश दा ओर्ता म्हणजे फरसबीची भजीच. नाव 'बागेतले छोटे मासे' असं आहे म्हणून घाबरू नका, पण पिठात अंडं असतं, तेव्हा तुम्हाला ती वर्ज्य. अंडं चालणाऱ्या वाचकांनी जरूर खावी. लिस्बनला लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे. गुजराती वळणाचं शाकाहारी जेवण तिथल्या भोजनगृहात मिळतं. मार्तीं मोनीझ चौकाच्या आसपासही भारतीय दुकानं आहेत.

सोबत नेण्याबद्दल: युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचा कुठलाही पदार्थ नेता येत नाही. म्हणजे तूप, पेढे, खवा, चीज घरीच. ताजी फळं-भाज्याही नकोत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र बिनधास्त न्या. भाकरी पूर्ण वाळलेली असावी, ओलसर राहिली तर चौथ्या दिवशी बुरशी धरते. हवाबंद डब्यात, मध्ये कागद घालून रचा. चटणी मूळ वेष्टनात आणि चेक-इन बॅगेत ठेवा, तेल सुटतं.

वाइनचं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात कोणी घेणार असेल तर: गढूळपणा बसवायला अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन, माशाच्या पिशवीची पूड किंवा केसीन (दुधातलं प्रथिन) वापरतात. काही जण फक्त बेंटोनाइट माती. बाटलीवर 'वेगन' लिहिलेलं असेल तर प्रश्न मिटला.

प्रश्न: अकलूजजवळची वायनरी पाहिली आहे, पण पोर्ट कधी घेतलेली नाही. गायाच्या गुदामात काय मागावं? घरी आणली तर किती टिकते? (वाचक, विजापूर रोड)

उत्तर: आधी ती गोड का असते ते समजून घ्या, मग पुढचं सोपं. रस दोन-तीन दिवस आंबतो. निम्मी साखर उरली असतानाच त्यात 77 टक्क्यांचा द्राक्षाचा स्पिरिट ओततात. जुना हिशेब 435 लिटर रसाला 115 लिटर, मिळून 550 लिटरचं एक पिंप. स्पिरिटनं यीस्ट मरतं, साखर तशीच राहते आणि अल्कोहोल 19 ते 22 टक्क्यांवर जातं. घोट छोटा घ्यायचा तो यासाठी. जेवणातल्या वाइनच्या हिशेबानं ग्लास भरला की संध्याकाळ लवकर संपते.

पुढं दोन घराणी. रुबी मोठ्या टाक्यांत, हवेचा कमी संबंध, म्हणून लाल आणि फळाच्या चवीची. टॉनी छोट्या पिंपांत वर्षानुवर्षं, लाकडातून हवा लागत राहते, म्हणून रंग तपकिरी आणि चव अक्रोड-खारकेची. पहिल्यांदा जाणाऱ्यानं एक एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज, म्हणजे एकाच वर्षाची, उशिरा बाटलीत भरलेली पोर्ट), एक 10 वर्षांची टॉनी आणि एक 20 वर्षांची टॉनी शेजारी शेजारी मागावी. तिन्ही मिळून फरक कळतो. 40 वर्षांच्या नादी पहिल्याच दिवशी लागू नये, पैसे जातात आणि जीभ तयार नसते. व्हिंटेज ही वेगळीच गोष्ट: बाटलीतच मुरते, तळाला गाळ बसतो, आदल्या दिवशी उभी करून दुसऱ्या भांड्यात हळू ओतावी लागते.

उघडल्यावर व्हिंटेज एक-दोन दिवस, एलबीव्ही चार-पाच, रुबी आठ-दहा, साधी टॉनी तीन-चार आठवडे, वय लिहिलेली टॉनी महिना-दोन महिने सहज. सोलापूरच्या एप्रिलमध्ये कपाटात ठेवलेली बाटली मात्र यातलं काहीच पाळणार नाही. फ्रिजच्या दारात ठेवा, पिण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढा. टॉनी किंचित थंडच छान लागते.

उन्हाळ्यासाठी पांढरी पोर्टही असते. उंच ग्लास, भरपूर बर्फ, एक भाग कोरडी पांढरी पोर्ट, दोन भाग टॉनिक, संत्र्याची चकती, पुदिना.

दिवसाला एकच गुदाम किंवा एकच मळा करा, तोही जेवणाआधी सकाळी अकराच्या सुमारास. दोन केले की दुसरीकडचं काही आठवत नाही. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, वापरण्यात कमीपणा नाही. पिन्याँवला स्टेशनपासून चालत जाण्यासारखे मळे आहेत, बोंफीं आणि रोएदा. दोन्हीकडं वेळ आधी ठरवावी लागते.

प्रश्न: गाडी भाड्यानं घ्यावी का? (सात रस्ता)

उत्तर: वाइनच्या सहलीत नको. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम, नव्या चालकांना 0.2. शिवाय उजवीकडून चालवणं आणि दोरोचे वळणाचे घाट. आतल्या मळ्यांना टॅक्सी ठरवा. तरीही घ्यायचीच तर सोलापूर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, टोलचं यंत्र गाडीबरोबर मागून घ्या आणि ज्या दिवशी गाडी त्या दिवशी ग्लास नाही.

प्रश्न: आम्ही उजनीचे मासे खाणारे. किनाऱ्यावर काय खावं, आणि बिल फुगू नये म्हणून काय बघावं? (भिगवण रस्ता, करमाळा)

उत्तर: आवेरोला वाम मिळेल. काल्देरादा द एंगियाश म्हणजे वामीचा रस्सा: बटाटा, कांदा, थोडा केशरी रंग. तुमच्या तिखटाच्या मानानं अळणी लागेल. पिरी-पिरी मागा, बाटली आणून देतात.

सार्डिन जून ते सप्टेंबर. तेव्हा ती चरबीनं भरलेली असते, निखाऱ्यावर टाकली की स्वतःच्याच तेलात भाजते. बाकी महिन्यांत मिळते ती बहुधा गोठवलेली. मासा पोट साफ न करताच भाजतात, हे ठाऊक नसलं तर पहिला घास कडू लागतो. पाठीवरून काट्यानं मांस सोडवायचं, पोटाचा भाग सोडून द्यायचा. खालचा पावाचा काप तेल शोषतो, तो शेवटी खायचा. 12 जूनच्या रात्री लिस्बनच्या गल्लोगल्ली आणि 23 जूनला पोर्तोत हाच बेत असतो. त्या दिवसांत हॉटेलं मात्र महिनोन् महिने आधी भरतात.

बाकाल्याव म्हणजे खारवलेला कॉड. हा मासा पोर्तुगालच्या समुद्रातला नाहीच. थंड उत्तरेच्या पाण्यात पकडून, मीठ लावून, वाळवून आणायची जुनी रीत. एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात. भिजवणं कमी पडलं की खारट, जास्त झालं की पिठूळ. सुरुवात बाकाल्याव आ ब्राशनं करा: माशाचे धागे, बटाट्याच्या तळलेल्या काड्या आणि अंडं. मोठा तुकडा नंतर.

बिल: शिंपल्या, खेकडे, मोठे मासे यांचा भाव किलोवर असतो. फलकावरचा आकडा ताटाचा समजून मागवलं की फसगत. निवडलेला मासा तोलून दाखवायला सांगा आणि शिजवण्याआधी रक्कम विचारा. पूर्ण 'दोज' बहुधा दोघांना पुरतो, 'मेया दोज' म्हणजे अर्धा. बसल्यावर न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह, चीज येतं, ते फुकट नाही. हात लावला नाही तर पैसे द्यायचे नाहीत, कायदा तसाच आहे. नको असेल तर लगेच परत करा. तरीही बिलात लावलं तर तक्रारवही मागा. प्रत्येक हॉटेलला ती ठेवावीच लागते, आणि नुसतं नाव काढलं तरी बिल दुरुस्त होतं.

प्रश्न: व्हिसा सोलापुरातून मिळतो का? किती आधी करावं? (बाळे)

उत्तर: बोटांचे ठसे द्यायला व्हिसा अर्ज केंद्रात जावंच लागतं. सोलापूरकरांना मुंबई सोयीची, रात्रीची सिद्धेश्वर सकाळी पोचवते. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून चालतो, किमान पंधरा दिवस आधी हवा. सप्टेंबरला जायचं तर जूनमध्येच उरका. शुल्क प्रौढांना 90 युरो, केंद्राचा आकार वेगळा. विमा किमान 30,000 युरोंचा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी वैध आणि दहा वर्षांपेक्षा जुना नको. ज्या देशात रात्री जास्त त्याच देशाकडे अर्ज. पोर्तुगालचा व्हिसा घेऊन पॅरिसला जास्त दिवस काढायचा बेत कागदावर दिसला तर नकार येतो. बँक खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम भरू नका, तीच शंकेचं कारण ठरते. व्हिसा हातात पडेपर्यंत हॉटेलं रद्द करता येणारीच घ्या.

प्रश्न: पैसे कसे न्यावेत? आणि बाटल्या किती आणता येतात, फुटत नाहीत ना? (होटगी रोड)

उत्तर: फॉरेक्स कार्ड आणि माणशी दीड-दोनशे युरो रोख. एटीएम बँकेच्या भिंतीतलं, 'मल्टिबांको' लिहिलेलं वापरा. पर्यटकांच्या गल्लीत उभी असलेली रंगीत यंत्रं जबर आकार लावतात. यंत्र किंवा दुकानदार 'रुपयांत घेऊ का' असं विचारेल, नाही म्हणा आणि युरो निवडा. रुपयांत घेतलं की दर त्यांचा.

बाटल्या: भारतात माणशी 2 लिटर मद्य शुल्काविना. दोघांची सूट एकत्र करता येत नाही, म्हणजे 750 मिलीच्या माणशी दोन, दोघांच्या चार बाटल्या बसतात. पाचवी आणली तर शुल्क भरायची तयारी ठेवा, आणि ते भारी आहे. भरलेली बाटली सव्वा किलोच्या पुढंच जाते, चार बाटल्यांचे पाच-सहा किलो धरून बॅगेत जागा मोकळी सोडा. आपले सोलापुरी टॉवेल जाताना बॅगेत टाका, येताना एकेक बाटली दोन वेढ्यांत गुंडाळा. त्यावर प्लास्टिकची पिशवी, मग रबर. बाटल्या बॅगेच्या मधोमध ठेवा, चहूबाजूंनी कपडे, दोन बाटल्या एकमेकींना टेकता कामा नयेत. फुटतात त्या बहुतेक बॅगेच्या कडेला लावलेल्या. टॉनीचं बूच हातानं उपसता येणारं, टोपीचं असतं. त्यावरची पट्टी तोडू नका आणि वरून चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. हातातल्या बॅगेत 100 मिलीच्या वर द्रव चालत नाही. विमानतळावरच्या दुकानात घेतलं आणि वाटेत विमान बदलायचं असेल, तर सीलबंद पिशवी मुंबईत उतरेपर्यंत उघडायची नाही.